चिमणी निमुळती होत गेली तेव्हा

डोमाजीमामांचं नाव आधी लिहून टाकतो, मग बाकीचं. कारण बाकीचं जे काही आहे, हे दोन खोल्यांचं क्वार्टर, ही सायकल, भोंग्याबरोबर डबा घेऊन निघणारा मी, हिंदीतच भांडणारी माझी मुलगी, ते सगळं त्यांच्या मागून आलेलं आहे. ते माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. रक्ताचं नातं काही नाही. पण भिलाईत त्या दिवसांत आम्ही सगळेच कोणाचे ना कोणाचे मामा-भाचे होऊन राहत होतो. घरापासून एवढ्या दूर बिननात्याचा माणूस म्हणजे उघड्यावर पडलेला माणूस.

मार्गशीर्ष लागला की मला त्यांची आठवण येते असं म्हणालो तर ते खोटं होईल. आठवण वर्षभर असते. मार्गशीर्षात ती उभी राहते. ड्युटी संपवून रुआबांध्याकडून येताना रस्त्याच्या पलीकडे अजून थोडी शेतं उरली आहेत. धान कापून झालेलं असतं, ओल्या धसकटांचा आंबूस वास थंडीत जमिनीलगत बसलेला असतो, आणि मध्येच कापलेल्या धानाच्या पेंड्या गोल रचून उंच केलेला ढीग दिसतो. आमच्या भंडाऱ्याकडे त्याला पुंजणं म्हणतात, इथली माणसं 'खरही' म्हणतात. नाव काहीही असो, रचना तीच. खाली बैलगाडी फिरेल एवढा घेर आणि वर येता येता एका मुठीत मावेल असा शेंडा.

मागच्या रविवारी मुलगी माझ्या सायकलच्या दांडीवर बसली होती. तिने विचारलं, "बाबा, वो ऊपर से पतला क्यों है?"

"पतलं नाही बाई. निमुळतं म्हणतात त्याले."

"नि-मु-ल-ता," तिने म्हणून पाहिलं आणि हसली. "इतना लंबा! पतला बोलो ना सीधा."

तिला दोष कसा द्यावा? माझ्या आईला धानाच्या जातींची नावं पाठ, पुंजण्याच्या प्रत्येक थराला तिच्याकडे वेगळा शब्द. माझ्याकडे त्यातले अर्धे आले. मुलीपाशी जाईपर्यंत 'पाणी आण' आणि 'जेवून घे' एवढंच उरलं. भाषेचा हा शेंडा माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत तयार होत आहे.

हा शब्द मी शाळेतून आणला. फार काही आणता आलं नाही, पण हा आला. मास्तर भारताचा नकाशा भिंतीवर टांगत, छडी काश्मीरवर ठेवत आणि खाली ओढत आणत म्हणत, "भारत देश दक्षिणेकडे निमुळता होत गेला आहे." आम्ही सगळे एका सुरात ते म्हणायचो. दक्षिण कुठे, समुद्र कसा असतो, काही ठाऊक नव्हतं. पण 'निमुळता होत गेला आहे' म्हणताना तोंडसुद्धा शेवटी मिटत येई, आणि ते मला आवडायचं. घरी कोणी हा शब्द वापरत नसे. घरी नुसतं 'बारीक' म्हणत. दोरी बारीक, पोरगं बारीक, आवाज बारीक.

आमची शाळाही तशीच होती म्हणा. पहिलीत ओसरी भरून पोरं. तिसरी-चौथीत गुरांमागे गेलेली वजा. सातवीत एका सतरंजीवर मावू एवढे आम्ही, आणि त्यापुढे शाळाच नव्हती. पुढची शाळा तालुक्याला, राहण्याजेवण्याची सोय हवी. वडील म्हणाले, "पाहू पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी वडीलच नव्हते. कोणी मला शाळेतून काढलं नाही, मीही शाळा सोडली नाही. फक्त शाळेची वाट हळूहळू माझ्या रुंदीपेक्षा कमी झाली.

या शब्दावर मी पुष्कळ विचार केला आहे. शिकलेली माणसं हसतील, पण कारखान्यात भट्टीच्या विटा लावताना हात आपोआप चालतात आणि डोकं रिकामं असतं. अरुंद आणि निमुळतं यात मला फार फरक वाटतो. अरुंद गल्ली पहिल्यापासून अरुंद असते. तिच्यात शिरतानाच माणूस अंग चोरतो. निमुळती गोष्ट सुरुवातीला मोकळी असते, ऐसपैस असते, सगळ्यांना ये म्हणते. आणि ती कुठे कमी व्हायला लागली, त्या जागेवर बोट ठेवता येत नाही. एक वीट पाहा, सरळच दिसते. दुसरी पाहा, तीही सरळ. वर पोचल्यावर कळतं की शेजारचा माणूस नाही.

मी भिलाईला आलो तेव्हा इथे कारखाना नव्हता, कारखान्याचा आवाज होता. खणलेली लाल माती, लोखंडी सांगाडे, ट्रकांच्या रांगा आणि देशभरातून आलेली माणसं. थंडीत आम्ही गोणपाट पांघरून कामाला जायचो आणि रशियन साहेब उघड्या दंडांनी, सदऱ्याच्या बाह्या वर करून उन्हाळ्यासारखे फिरायचे. मामा म्हणायचे, "त्याइले थंडी लागत नाही गा. त्याइच्या गावची थंडी पाहून आपली थंडीच लाजते."

मी आधी माती वाहिली. मग मामांनी मला आपल्या हाताखाली घेतलं. ते चिमणीच्या टोळीत मिस्त्री होते. विटांची उंच चिमणी आतून बांधायची असते. आत मचाण, मचाणावर गोलाकार उभे मिस्त्री, प्रत्येकाच्या समोर भिंतीचा आपापला तुकडा. बाहेर जग आहे हे विटेच्या वरून डोकावल्यावरच कळायचं. सुपरवायझर खालून ओरडायचा, "टेपर देखो, टेपर!" टेपर म्हणजे काय ते मी मामांना विचारलं. त्यांनी एका बाजूने तिरकी कापलेली फळी भिंतीला लावली, तिच्यावरून ओळंबा सोडला आणि म्हणाले, "प्रत्येक थर जराकसा आत. डोळ्याले दिसला नाही पायजे एवढाच आत." मी म्हणालो, "म्हणजे निमुळता." ते थांबले. "काय म्हटलं?" मी पुन्हा सांगितलं, नकाशाचंही सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की त्या दिवसापासून टोळीत मला हाकच पडली, "ओ निमुळते मास्तर, मसाला द्या इकडे!"

तसा मी मसाला थापायची करणी धरायला शिकलो. मग माझ्याही समोर भिंतीचा तुकडा आला. मामांच्या डाव्या हाताला माझी जागा. त्यांचा खांदा इतका रुंद की वाऱ्याची बाजू ते आपोआप अडवायचे.

चिमणी वर जाई तसा आतला गोल लहान होई. मग मचाणाच्या फळ्या बसेनात. त्यांची टोकं करवतीने कापावी लागत. ती कापलेली टोकं आम्ही गोणपाटात बांधून रुआबांध्याच्या कॅम्पात न्यायचो. मी मामा-मामींच्याच झोपडीत जेवायला होतो. मामी दारातच विचारायच्या, "आज किती कापलं वो?" गोणपाट जड असलं की त्या खूश. ती सालईची लाकडं धूर न करता जळायची, भाताला वेगळाच वास यायचा. हात शेकत मी विचार करायचो की चिमणी अशीच निमुळती होत जावो, लाकडं मिळत राहोत. त्या चुलीत काय जळत होतं ते तेव्हा आमच्या कोणाच्याच लक्षात येत नव्हतं. फळ्या कमी होत होत्या म्हणजे उभं राहायची जागा कमी होत होती.

आमची टोळी जवळजवळ सगळी धानपट्ट्यातली. वैनगंगेच्या अलीकडची-पलीकडची माणसं, हातात करणी असली तरी डोक्यात पुंजणं. आणि पुंजण्याची एक रीत आहे. खाली रचायला सगळे लागतात, बाया, पोरं, म्हातारे. ढीग वर जाईल तशी माणसं एकेक उतरत येतात. शेवटी शेंड्यावर एकच माणूस, जो सगळ्यात हलका. खालचे त्याच्याकडे पेंड्या फेकतात, तो झेलून रचतो. उतरलेल्यांचा मान कमी होत नाही. ते घरी जात नाहीत, खाली थांबतात. शेंडा झाला की वरचा घसरत खाली येतो, खालचे त्याला खांद्याला धरून उभा करतात, आणि मगच सगळे एका जागी जेवायला बसतात. वर राहिला त्यालाही तेवढंच आणि खाली आला त्यालाही तेवढंच. आमच्याकडे वर राहणं म्हणजे फक्त वर राहणं.

त्या मार्गशीर्षात एका सकाळी सुपरवायझर मचाणावर आला. चारी बाजूंनी पाहिलं. आमचे कोपर एकमेकांना लागत होते, ते त्यालाही दिसलं. म्हणाला, "इतने आदमी अब नहीं चलेंगे. आपस में देख लो, कौन रहेगा, कौन उतरेगा." आणि शिडीने खाली गेला.

आम्ही हसलो, हे मला अजून आठवतं. त्यात घाबरण्यासारखं कोणालाच काही वाटलं नाही. कोणीतरी म्हणालं, "चला, पुंजण्याचा शेंडा आला."

मामांनी करणी पुसली. म्हणाले, "मंग रीत काय आहे? हलका तो वर." आणि माझ्या कमरेला हात घालून मला फळीवरून जरासं उचललंच. "हे पाहा, खारीएवढं वजन. हे राहील. मी एकटा दोघांची जागा अडवून राहिलो."

"मामा, तुमी मिस्त्री, मी कसा राहू? मले तिरकी फळी नीट लावता येत नाही अजून."

"येते. नाई आली तर येईन. उंचावर माणूस लवकर शिकते."

"पण सुपरवायझर तुमाले..."

"चूप ना बे. निमुळते मास्तर तू. मास्तरानंच निमुळत्यात भेव खाल्लं तर पोराइनं काय करावं?"

सगळे पुन्हा हसले. मामा आणि आणखी काही जाडजूड माणसं शिडीने उतरली. मी वरून पाहत होतो. विटांच्या त्या गोल नळीतून मामांचं पागोटं लहान लहान होत गेलं, मग ठिपका झालं, मग खालच्या उजेडात मिसळलं.

संध्याकाळी मी खाली आलो तेव्हा ते पायथ्याशी बसून होते. दिवसभर बसले होते की काय कोण जाणे. बाकीचेही होते. मामांनी मला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं, पुंजण्यावरून उतरलेल्याला करतात तसं. मग आम्ही सगळे मिळून कॅम्पात गेलो आणि एकत्र जेवलो. त्या जेवणात मामी एवढंच म्हणाल्या की आज लाकूड आणलं नाही कोणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हजेरी झाली. जे वर राहिले होते त्यांची नावं पुकारली. जे उतरले होते त्यांची नाही. पहिल्यांदा वाटलं, विसरले. एकाने जाऊन विचारलं. सुपरवायझर वैतागून म्हणाला, "अरे, कल तुम्हीं लोगों ने तो तय किया. उतर गए तो उतर गए." धुक्यात ती माणसं डबे हातात धरून उभी होती. एक जण शिव्या देऊ लागला. दुसरा म्हणत राहिला, "पण आमी तं फक्त खाली आलो होतो." एवढंच पुन्हा पुन्हा. "आमी तं फक्त खाली आलो होतो."

मामा माझ्याकडे वळले. माझ्या पाठीवर हात मारला. "जाय, उशीर करू नको. शेंड्याच्या टोळीत पहिल्याच दिवशी उशीर नको करू."

त्या आठवड्यात मामा-मामी गावी गेले. मळणीचे दिवस आहेत, गावात हाताला काम आहे, असं म्हणाले. स्टेशनवर पोचवायला मी जाऊ शकलो नाही, सुट्टी मागायची भीती वाटली. इथल्या पावर हाउस भागातल्या बाजारातून मामींसाठी काचेच्या बांगड्या आणून आदल्या संध्याकाळी दिल्या, तर त्या म्हणाल्या, "काऊन खर्च केला रे? तुयी आई आहे ना तिकडे."

चिमणी पुरी झाली. शेवटी शेवटी आम्ही इतके थोडे होतो की एकाने खोकलं तर सगळ्यांच्या करण्या हलायच्या. वरून शिवनाथ नदीकडचा सपाट मुलूख दिसे आणि त्यात जागोजाग पुंजणी, एवढी छोटी की कोणीतरी धान्याचे दाणे उभे करून ठेवले असावेत. पुढे शेंड्यावर काम केलेल्यांना कारखान्याच्या विटांच्या खात्यात घेतलं. मी कायम झालो. आईला इथे आणलं. तिने नळ उघडून पाणी पाहिलं आणि देवाचं नाव घ्यायच्या जागी डोमाजीचं नाव घेतलं. ते बरोबरच होतं.

आणि माझ्याबरोबर माझी धास्तीही कायम झाली. कुठेही गेलो, बाकावर, लग्नाच्या पंगतीत, युनियनच्या सभेत, की मी आधी पाहतो किती माणसं आहेत आणि किती मावतील. गर्दी वाढली की मी उठून भिंतीला लागतो. बायको म्हणते, "बसा ना, तुमाले कोणी उठवत नाही." तिला कसं सांगू की उठवत नाहीत, जागा आपोआप संपते. म्हणून मी सुट्टी घेत नाही. ताप आला तरी जातो. माझ्या जागी चार दिवस दुसरा कोणी उभा राहिला तर ती जागा पुन्हा माझ्या मापाची राहील की नाही, याचा भरवसा वाटत नाही.

इतकी वर्षं मी असंच धरून चाललो होतो की ती आमच्या माणसांची चूक होती. शेताची रीत आम्ही विटांवर नेली. मामाही त्याच चुकीत सापडले. भोळेपणात गेले बिचारे. या समजुतीत दुःख होतं, पण त्यात थोडी सोयही होती हे आता कळतं. दुसऱ्याच्या चुकीचं देणं आपण लागत नाही.

या कापणीच्या दिवसांत रविवारला जोडून एक सुट्टी आली, तेवढ्यात मी गावाकडे जाऊन आलो. मामांना पाहिलं. ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. तो खांदा कुठे गेला? मान खाली येता येता एकदम दंड सुरू होतात, मध्ये काही नाहीच. मधल्या वर्षांत वीटभट्ट्यांवर हिंडले, तिथली धूळ छातीत बसली. बोलताना वाक्य सुरुवातीला ठणठणीत असतं आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोचत नाही. श्वास वाटेतच बारीक होऊन जातो. मी समोर बसून त्यांच्या खांद्यांकडे पाहत राहिलो.

"काऊन रे, नकाशा पाहून राहिला काय माया अंगावर?" ते म्हणाले आणि हसले, आणि हसण्यापेक्षा खोकलेच जास्त.

मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी आपण लोकं फसलो ना. आपल्याले काय ठाऊक, की उतरलं म्हणजे गेलं."

मामी तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. "आपल्याले?" त्या म्हणाल्या आणि मामांकडे बोट केलं. "यायले ठाऊक नव्हतं म्हणतोस? अरे, माया लग्नाच्या आधी यायनं दोन चिमण्या बांधल्या कापसाच्या जिनिंगच्या. दोन्हीवरून असेच उतरवले होते. घरी येऊन सांगितलं मले भिलाईत त्या सांजच्याले, जेवण झाल्यावर. म्हणे, उद्या मायं नाव येत नाही, तू बोचकं बांध."

"चूप बस ना वो," मामा म्हणाले.

"काऊन चूप बसू? एवढे वर्षं बसलीच ना."

"त्याले सांगून काय..." वाक्य संपलं नाही. ते श्वासाची वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "त्याची माय होती. लहान पोट्टा होता. मले काय, मले भेटलं असतं कुठंही." आणि भिंतीकडे पाहिलं.

मग मीही तिकडे पाहिलं. मागची भिंत पावसाळ्यात खचली होती. मातीची भिंत, पाया रुंद आणि वर येईपर्यंत झिजून बोटभर उरलेली, आणि जिथे तीही नव्हती तिथे चटई बांधलेली. चटईतून थंडी सरळ मामांच्या पाठीवर येत होती. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती ओळंब्यात आणल्या, त्याच्या स्वतःच्या ओसरीला एक भिंत नव्हती. मी म्हणालो, "मामा, मी बांधून देतो."

"तू?" ते म्हणाले. "तुले सुट्टी कोण देईल? अन् दिली तर तू घेशील काय? तुयी आई गावी आली का सांगते ना मले, पोट्टा तापातही ड्युटीवर जाते म्हणून. राहू दे. तुयी जागा सांभाळ."

ते टोचून बोलले नाहीत, खरंच माझी काळजी वाटून बोलले. तेच मला सहन झालं नाही. मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो. दुर्गपर्यंत उभा होतो, बाकावर जागा असूनही.

आता क्वार्टरच्या पायरीवर बसून हे लिहितो आहे. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण मामा, एवढं कबूल करतो. विटा पक्क्या आणीन, मसाला मी स्वतः कालवीन, आणि तुमच्या खोलीच्या चारही भिंती अशा बांधीन की खाली जेवढी खोली, वर आढ्यालाही तेवढीच राहील. त्यासाठी एक दिवस मी साहेबाच्या टेबलापुढे उभा राहून महिन्याची सुट्टी मागेन. तो महिनाभर माझ्या जागेवर जो कोणी उभा राहील तो राहो. मी तुमच्या पायथ्याशी येईन.